उणे अठरावर ठाम

सहकार हा परस्परविश्वासाच्या पायावर उभा असतो. शिरूर कासारला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दूध संस्थेच्या भिंतीवर हे वाक्य निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. त्याखालच्या दाराला दोन कुलपं होती. एकाची किल्ली चेअरमनकडे असे, दुसऱ्याची सेक्रेटरीकडे. एकट्यादुकट्याला आत जाता येऊ नये अशी सोय होती.

त्या दुसऱ्या किल्लीचे धनी माझे घरमालक. मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला गेलो तेव्हा ते निवृत्त झाले होते आणि संस्था शेवटचे श्वास मोजत होती, तरी गाव त्यांना सेक्रेटरीच म्हणे. आपल्याकडे पद जातं, हाक राहते. त्यांच्या करदोट्याला ती किल्लीही राहिली होती. मधल्या काळात कुलूप बदललं असण्याची दाट शक्यता होती, पण त्यांनी किल्ली कधी लावून पाहिली नाही. बाकी जगातली प्रत्येक गोष्ट ते लावून, बुडवून नाहीतर मोजून पाहत.

सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी डेअरीतला काचेचा थर्मामीटर असायचा, शून्यापासून शंभरापर्यंतचा. चहा आला की आधी तो कपात जाई.

"अडुसष्ट. थांबा सर, जीभ जाईल."

पाहुण्याच्या कपातही जाई. पहिल्यांदा माझ्या चहात त्यांनी तो बुडवला तेव्हा मला अपमान वाटला. पुढे दुसऱ्या कुणाच्या घरी चहा घेताना उगीच भीती वाटायला लागली. काकूंना म्हणजे त्यांच्या पत्नीला ताप आला की तोच थर्मामीटर धुऊन काखेत. त्या पट्टीवर माणसाचा ताप म्हणजे केसाएवढ्या दोन रेघांचं अंतर. काकू फणफणलेल्या असायच्या आणि हे काच उजेडाकडे धरून म्हणायचे, "काय तर थोडंसं हाललंय."

"मी सगळी हाललीय, तुमी रेघा बघा," काकू म्हणायच्या.

'ठीक आहे' हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय सेक्रेटरी, ठीक ना?" तर म्हणाले, "ते तुमी सांगायचं. आमी नुसते आलोत." पेपरात 'बीड ४१ अंश' असं छापून आलं की ते अस्वस्थ होत. काटा कुठं लावला होता, सावलीत का पत्र्यावर, हे छापत का नाहीत? एकदा एका घरी भेटायला गेलो होतो. म्हातारे वारले होते. मुलगा डोळे पुसत म्हणाला, "शांतपणे गेले." सेक्रेटरींनी विचारलं, "कशावरून?" परतताना मी त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून चाललो.

हा स्वभाव जन्मजात होता असं काकूंचं मत. माझं मत, तो संस्थेच्या शीतकरण यंत्राच्या उद्घाटनात तयार झाला. यंत्र आलं, मांडव पडला, मोठे पाहुणे निघाले, पण विजेची जोडणी झालेली नव्हती. तेव्हाच्या चेअरमननी पाना घेऊन तापमानाचा काटा चार अंशांवर नेला आणि मागून वळवून पक्का केला. पाहुण्यांनी फीत कापली, काट्याकडे पाहिलं, "व्वा, चार!" म्हणाले आणि टाळ्या पडल्या. आभार मानायची जबाबदारी सेक्रेटरींवर होती. त्यांनी मंडळाचे मानले, मांडववाल्याचे मानले आणि शेवटी म्हणाले, "वीज नसतानाही चारवर ठाम राहिल्याबद्दल मी काट्याचे आभार मानतो." पाहुण्यांना तो विनोद वाटला. चेअरमनना वाटला नाही. त्यानंतर सेक्रेटरींना कुणी माइक दिला नाही, आणि त्यांना एक म्हण मिळाली: "जो काटा हालत न्हाई, तो चेअरमनचा."

हा माणूस क्रांतिकारक होता असा कुणाचा समज व्हायला नको. बौद्ध वस्तीतल्या कांताबाई त्यांची एक जुनी गोष्ट सांगत. पूर्वी संस्थेत वस्तीचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घेत. हे नोकरीला लागले आणि त्यांनी दोन्ही दुधांची फॅट मोजली, लॅक्टोमीटर बुडवून डिग्री पाहिली, आणि सगळं एकाच कॅनमध्ये ओतलं. गावात कुजबुज झाली. मंडळाने जाब विचारला तेव्हा समतेवर एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "दोन कॅन धुवायला पानी लागतंय. पानी कुठंय?" दुष्काळ होता. वेगळा कॅन गेला तो गेलाच.

मी सांगतोय ती गोष्ट नंतरच्या एका दुष्काळातली. टँकर दिवसाआड यायचा. जनावरं चारा छावणीत होती. दूध इतकं कमी झालं की दूध संघाची गाडी गावात वळेनाशी झाली. कांताबाई तेव्हा महिलांच्या दूध संस्थेच्या अध्यक्षा होत्या. बायकांनी उरल्यासुरल्या दुधाचा खवा आटवायला सुरुवात केली. आणि त्या वर्षी एप्रिलातल्या जयंतीला वस्तीने ठरवलं की सगळ्या गावाला जेवायला बोलवायचं, गोड म्हणून गुलाबजाम करायचे. ऊसतोडीला गेलेली माणसं परतली होती. मिरवणुकीला गाव दरवर्षी उभं राहून बघे. जेवायला या म्हणून घरोघरी जाऊन सांगणं हे पहिल्यांदाच होत होतं. काही घरांनी "येऊ की" म्हटलं होतं. काही घरांनी "बघू" म्हटलं होतं, आणि 'बघू'चा अर्थ आमच्या भागात सगळ्यांना कळतो.

खवा महिनाभर टिकवायचा कुठे? सेक्रेटरींच्या घरी.

त्यांच्याकडे फ्रीझर होता. पेटीसारखा, वरून उघडणारा, पुढच्या अंगाला लाल आकडे दाखवणारा. मुलाने पुण्याहून पाठवला होता. संस्थेचं यंत्र बंद पडल्यापासून वडील सैरभैर झालेत, त्यांना काहीतरी थंड करायला पाहिजे, असं त्याच्या लक्षात आलं असावं. फ्रीझर पुढच्या खोलीत, मुलाच्या पदवीच्या फोटोखाली ठेवला होता. आत सुरुवातीला काहीच नव्हतं. सेक्रेटरी रोज सकाळी देवपूजा झाली की समोर उभे राहून आकडा वाचत: "उणे अठरा." मग चहा.

कांताबाईंनी खवा आणून दिला तेव्हा शेजारच्या एका बाईंनी काकूंना हळूच विचारलं, "त्यांचा खवा तुमच्यात ठिवला?"

"खव्यावर काय लिव्हलेलं असतंय व्हय?" काकू म्हणाल्या. "तुमचा आणा, तो बी ठिवते."

आता पुढचं मला आजही नीट उलगडत नाही. चहाच्या कपावर विश्वास न ठेवणारा हा माणूस तो लाल आकडा रोज वाचत होता, तो रोज तोच होता, आणि त्यांना एकदाही शंका आली नाही. पोराने पाठवलेली वस्तू. एवढंच कारण मला दिसतं.

जयंती चारपाच दिवसांवर आली होती. गावात दिवसभर वीज नव्हती. दुपार अशी की पत्र्याखाली मेणबत्ती वाकावी. संध्याकाळी वीज आली, फ्रीझरचे आकडे पेटले आणि त्यांनी ताबडतोब दाखवलं: उणे अठरा. सेक्रेटरी आकड्यासमोर उभे होते. मी शेजारच्या माझ्या खोलीत पंखा लावायला उठलो होतो, तोच हाक आली.

"सर, जरा या. दिवसभर लाईट न्हवती ना?"

"नव्हती."

"मग हे कावून हाललं न्हाई?"

त्यांचा चेहरा मला आठवतो. चोर पकडल्याचा नव्हता. घरातल्याच माणसाला काहीतरी विचारायची वेळ आल्यावर होतो तसा होता.

त्यांनी तपासणी सुरू केली ती अशी. माझ्या छोट्या फ्रिजमध्ये एका स्टीलच्या वाटीत पाण्याचा बर्फ केला. त्यावर ठेवायला जड पण सपाट वस्तू हवी होती, म्हणून कपाटातून संस्थेच्या कुठल्याशा महोत्सवातला 'अध्यक्ष' असं कोरलेला पितळी बिल्ला काढला. बिल्ला बर्फावर ठेवून वाटी फ्रीझरमध्ये, खव्याच्या डब्यांवर. तर्क सोपा होता. बर्फ कधी वितळला तर बिल्ला तळाला जाईल. मागाहून पाणी पुन्हा गोठलं तरी तो वर येणार नाही.

"लबाडी करून बी वर येता येत न्हाई," ते म्हणाले. "खऱ्या अध्यक्षाला जमतंय ते."

दुसऱ्या दिवशी वीज होती. दर थोड्या वेळाने काकू झाकण जरासं उचलून डोकावत आणि हे बाहेरून विचारत, "अध्यक्ष वर हायेत का?"

"हायेत. कललेत जरा."

दुपारी उत्तराऐवजी काकू वाटीच घेऊन बाहेर आल्या. वर पातळ पापुद्रा, खाली पाणी, आणि तळाशी अध्यक्ष. फ्रीझरवर लाल अक्षरांत उणे अठरा. सेक्रेटरींनी पाठीमागे हात लावला. यंत्र गप्प होतं. आत खव्याचे डबे उघडले. काठ मऊ, मध्यभाग अजून घट्ट. त्यांनी थर्मामीटर काठात खुपसला, काच उजेडाकडे धरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आकडा मोठ्याने वाचला नाही.

बीडहून मेकॅनिक आला. मोटारसायकलवर, मोठी पेटी, त्याहून मोठा आत्मविश्वास. आकडा पाहून म्हणाला, "उणे अठरा दाखवतंय की काका. फ्रीझर ठीक हाय."

"कशावरून?"

"ह्याच्यावरून." त्याने आकड्यावर बोट ठेवलं.

"आन हे कशावरून?"

मेकॅनिकला बहुधा असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने झाकण उघडलं, आतल्या बाजूची जाळी काढली आणि एक काळी वायर ओढून दाखवली. टोकाला शेंगदाण्याएवढं बोंडूक. "हा सेन्सर. गारवा किती ते हा सांगतो. त्याचं ऐकून मशीन चालू-बंद होतं."

काकूंनी मेकॅनिकसाठी चहा आणला होता. सेक्रेटरींनी तो ट्रेमधून उचलला, थर्मामीटर घातला. "बासष्ट," म्हणाले. मग ते बोंडूक कपात सोडलं.

आम्ही चौघं आकड्याकडे पाहत राहिलो. उणे अठरा. मेकॅनिकने कप हलवला. उणे अठरा. जरा वेळाने आकडा लुकलुकला आणि उणे सतरा झाला.

"बगा," मेकॅनिक क्षीण आवाजात म्हणाला, "हाललं."

"एक अंश," सेक्रेटरी म्हणाले. "चहानं एक अंश हालला. तुमच्या चहात बर्फ झालाय, प्या."

सगळं उलगडलं. वीज आली की यंत्र सवयीने थोडा वेळ घुमायचं. मग सेन्सर सांगायचा, पुरे झालं, उणे अठरा आहे. यंत्र समाधानाने गप्प बसायचं. त्याच कंपनीचा सेन्सर मेकॅनिककडे नव्हता. दुसऱ्या कंपनीचा होता तो त्याने बर्फाच्या पाण्यात धरून पाहिला, तर शून्याच्या जागी भलताच आकडा आला. शेवटी त्याने सेन्सर वगळून यंत्र थेट विजेवर जोडून दिलं. आता चालू-बंद हाताने करायचं. सेक्रेटरींनी थर्मामीटर दोऱ्याला बांधून आत सोडला. पण हा डेअरीचा थर्मामीटर. तो शून्याच्या खाली जातच नव्हता. पारा शून्याखालच्या काचेत दबून बसला आणि उणे किती ते सांगायला घरात कुणी उरलं नाही.

खरी चिंता तीही नव्हती. चिंता होती: कधीपासून? सेन्सर आदल्या दिवशी बिघडला की पंधरवड्यापूर्वी? खवा एकदा सैल झाला की रोज होऊन पुन्हा आळत होता? बिल्ल्याला फक्त बिल्ला ठेवल्यानंतरचं माहीत होतं. त्याआधीच्या दिवसांना साक्षीदार म्हणजे तो लाल आकडा, आणि तो रोज वाचणारे सेक्रेटरी.

मला वास चांगला वाटला. मेकॅनिकला वाटला. काकूंनी चिमूटभर चाखून "गोड हाय" म्हटलं. सेक्रेटरींनी डब्यांची झाकणं लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघालो तर ते ओट्यावर ताठ बसलेले, हात पोटावर, डोळे समोरच्या भिंतीवर. काकू दाराशी, पदर तोंडाला.

"काय झालं?"

"खाल्ला त्यांनी," काकू म्हणाल्या. "लई मऊ होता तो डबा शोधून, वाटीभर. उपाशीपोटी. आता बसलेत, काय होतंय का बगायला."

संस्थेतली जुनी पद्धत होती ती. संशयातला कॅन पुढे पाठवायच्या आधी सेक्रेटरीने पेलाभर प्यायचं. पद्धत चांगली होती, पण तेव्हा ते तरुण होते. मी रजेचा निरोप पाठवला आणि समोर बसलो. माझं पोट उगाच दुखायला लागलं. त्यांचं दुखत होतं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मी विचारलं की ते म्हणत, "अजून सांगता येत न्हाई."

दुपारी कांताबाई आल्या. उन्हातून आल्या होत्या, पण पाणी आधी मागितलं नाही.

"काय ऐकते मी? सेन्सर का काय मेलंय म्हणं?"

सेक्रेटरींनी सगळं सांगितलं, काही न लपवता. चहाचं सांगितलं, बिल्ल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "मी सकाळी खाल्लाय. पोट शांत हाय. मला वाटतंय, कांताबाई, खवा..." आणि थांबले. दोन शब्द ओठांवर आलेले मला दिसत होते. फ्रीझर त्यांचा होता. पोरगा त्यांचा होता. खवा सांभाळायचा शब्दही त्यांनीच दिला होता.

"खवा ठीक हाय," ते म्हणाले.

"कशावरून?" कांताबाई म्हणाल्या.

सेक्रेटरींचा हात खिशातल्या थर्मामीटरकडे गेला आणि कांताबाईंनी मान हलवली.

"तुमी जुनं लाकूड हाव, सेक्रेटरी. तुमाला विंचू चावला तर विंचू मरंल. तिथं लेकरं जेवायला येणारेत, म्हातारी येणारेत. एकाला जरी उलटी झाली, तर गाव म्हणंल का, सेन्सर बिघडलता? गाव म्हणंल, वस्तीत जेवलो. पुढची वीस वर्षं तेच म्हणंल. आमची लेकरं ऐकत्याल ते."

"मी सांगीन की गावाला. माझ्या फ्रीझरची चूक हाय."

"तुमाला माइक कोण देतंय?"

काकूंनी पाण्याचा तांब्या आणला. कांताबाईंनी तो आधी सेक्रेटरींपुढे सरकवला. "प्या. उतारवयात काय पन करत्यात," त्या काकूंना म्हणाल्या, आणि मगच त्यांचा आवाज जरा उतरला. "तुमच्या शब्दावर एक कॅन मोडला, ते मी इसरले न्हाई. पन ह्या टायमाला तुमचा शब्द मला पुरत न्हाई. मला 'ठीक' नको. मला पक्कं पायजे. पक्कं असंल तर सांगा."

सेक्रेटरी फार वेळ तळहाताकडे बघत बसले. दूधवाल्यांना ती सवय असते, तळहातावर थेंब टाकून बघायची. तळहातावर काही नव्हतं.

"पक्कं न्हाई," ते म्हणाले.

संध्याकाळी वस्तीतल्या बायका आल्या आणि डबे घेऊन गेल्या. ज्या दुधाचा तो खवा होता ते दूध काढण्यासाठी छावणीत उन्हात रांगेत त्याच उभ्या राहिल्या होत्या. ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा खणला. एकजण म्हणाली, "कुत्र्यांना तरी घालू." कांताबाई म्हणाल्या, "कुत्र्यांना बी न्हाई. उद्या एखादं मेलं तर ते बी आमच्याच नावावर." वर माती लोटली, दगड ठेवले. कुणी रडलं नाही. डबे मात्र वाळूने दोनदा घासले. सेक्रेटरी तिथे लांब, बाभळीखाली उभे होते. परतताना मला म्हणाले, "सर, मला बी त्यो आकडा आवडाय लागलता."

एवढंच. नवा सेन्सर पुढे मुलाने पाठवला. तो त्यांनी आधी बर्फाच्या पाण्यात, मग चहात, मग परत बर्फात घालून पाहिला. मुलाला फोनवर "पोचला" एवढंच सांगितलं. मेकॅनिकला मात्र चहा पुन्हा मिळाला, या वेळी ज्यात काही बुडवलं नव्हतं असा.

जयंतीला गुलाबजामऐवजी गव्हाची लापशी झाली. गूळ वस्तीने घातला, कढई गावातल्या देवस्थानाने दिली नाही म्हणून गेवराईहून आणली. पंगत बसायच्या आधी सेक्रेटरी कढईपाशी गेले, खिशातून थर्मामीटर काढला, आचाऱ्याच्या डोळ्यांदेखत बुडवला. "नव्वद," ते म्हणाले. "वाढा." आणि पहिल्या पंगतीत पहिल्या पानावर जाऊन बसले, काकूंना घेऊन. त्यांच्या मागे 'येऊ की' म्हणणारी बरीचशी घरं आली. 'बघू' म्हणणारी काही लांबूनच बघून गेली, काही आली. कांताबाई वाढत नव्हत्या. त्या पंगतीच्या टोकाला उभ्या राहून जेवणाऱ्यांचे चेहरे एकेक करून बघत होत्या, आणि कुणी नुसता ठसकला तरी त्यांचा हात छातीशी जात होता. मी दोनदा लापशी मागून घेतली, एकदा भुकेने आणि एकदा त्यांच्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात बातमी फिरली की वस्तीतल्या जेवणाने दोघांची पोटं बिघडली. सेक्रेटरी थर्मामीटर घेऊन दोन्ही घरी जाऊन आले. पोटं खरोखरच बिघडली होती. दोघंही जेवायला आलेले नव्हते.